भावजींचा रिकामा डेटाबेस

भावजींनी आयुष्यात एकच लबाडी केली आणि ती कीबोर्डवरून केली. तोंडानं त्यांना जमतच नाही. ताईनं नवे कपडे घालून "कशी दिसते?" असं विचारलं की हा माणूस खरोखर विचार करायला लागतो. पाहुणे उठायचं नाव घेत नसले तर "बसा की अजून" म्हणताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद होतात आणि पाहुणे लगेच चपला शोधू लागतात. मी त्यांची मेहुणी. थट्टेचा परवाना मला ताईच्या लग्नातच मिळाला आणि तो मी पुरेपूर वापरते. पण त्या एका लबाडीवरून मी त्यांना अजून एका शब्दानं चिडवलेलं नाही.

दुकान ताईचं. नाटकाचे कपडे भाड्यानं देते ती. पुढे काउंटर, पडद्यामागे दोन खोल्या, आणि त्यांत दाटीवाटीनं लटकलेले राजे, शिपाई, डॉक्टर, भुतं, झाडं, ढग आणि एक वाघ. मागच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन. उसवलेलं शिवायचं, राजाची कंबर सैल करायची, शिपायाच्या विजारी आखूड करायच्या, हे माझं काम. ताईचं काम म्हणजे ताईचं डोकं. कोणत्या शाळेला कोणत्या तारखेला काय द्यायचं, ते सगळं तिच्या डोक्यात. फोन आला की ती डोळे मिटायची आणि सांगायची, "बारा तारखेला राजा मोकळा आहे, पण मिशा मिळणार नाहीत." लगेच फोन खाली. ताईंनी हो म्हटलं म्हणजे कपडे अंगावर चढले असं समजा, असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची. दुकान त्या 'हो'वर चाललं होतं.

गेल्या सीझनला एका शाळेत झाडांऐवजी ढग गेले. ताई म्हणाली, त्यांनी ढगच मागितले होते. शाळेनं तिच्या वयाकडे बघून वाद घातला नाही, आम्हीही घातला नाही. ताईनं मात्र त्या दुपारी डबा उघडला नाही. नुसती झाडांच्या रांगेकडे बघत बसली होती.

त्यानंतर काही दिवसांनी भावजी चार छोटे कॉम्प्युटर घेऊन दुकानात आले. ते एका मोठ्या ऑफिसात सर्व्हर सांभाळतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून सगळं करायचं, माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "ऑफिसात पडून होते, टाकून देणार होते," ते म्हणाले. मी त्यांच्या कानांकडे पाहिलं, पाळ्या लाल होत्या.

"मला नको ती खोकी," ताई म्हणाली. "माझं डोकं काय वाईट आहे?"

"डोकं उत्तमच आहे," भावजी म्हणाले, "पण एकच आहे."

एकावर भिस्त ठेवायची नाही, हा भावजींचा धर्म. त्यांच्या घरात छत्र्या दोन, इस्त्र्या दोन, दाराच्या किल्ल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेसुद्धा. ताई म्हणते, बायको तेवढी एकच केली, तीही मी डोळे वटारले म्हणून. तर त्या दिवशी बरीच घासाघीस झाली आणि शेवटी ताईनं अट घातली. ती सांगेल, भावजींनी लिहायचं, आणि त्यातलं एक जरी काही हरवलं तर खोकी रस्त्यावर. भावजींनी चारही कॉम्प्युटर मुकुटांच्या फळीखाली मांडले आणि वायरीनं एकमेकांना बांधले. याला क्लस्टर म्हणतात असं मला सांगितलं. चौघांनी मिळून एकच असल्यासारखं वागायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी काउंटरवर लॅपटॉप उघडला. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले, कारण भावजींना शिकवायला फार आवडतं आणि मला त्यांना मध्येच अडवायला.

"हे बघ धाकटे," ते म्हणाले. मी पन्नाशीला आले तरी त्यांच्या लेखी धाकटीच. "प्रोग्रॅम एका बंद डब्यात घालायचा. त्याला लागणारं सगळं त्या डब्यातच. मग क्लस्टरला सांगायचं, असे तीन डबे चालव. त्यातला एक पडला, तर तो आपण होऊन नवा उभा करतो. आपण चहा पीत बसायचं."

त्यांनी एक ओळ टाइप केली. शेवटी 'अप्लाय' आणि फाइलचं नाव. पडद्यावर तीन डबे हळूहळू जागे झाले. त्यांच्या भाषेत चालू डब्याला पॉड म्हणतात.

"आणि हा चौथा?"

"हा डेटाबेस. सगळ्या नोंदी इथे राहणार."

"एकच? एकावर भिस्त नको ना तुम्हाला?"

"ते तीन म्हणजे नुसती तोंडं आहेत. तोंडं कितीही काढ. आठवण मात्र एकाच जागी हवी. दोन ठिकाणी ठेवली की भांडण होतं, हे असं झालं होतं, नाही तसं झालं होतं."

"म्हणजे तुम्ही आणि ताई."

ते हसले नाहीत. फाइलमधल्या चार ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "हे महत्त्वाचं. डबा पडला की आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. म्हणून डेटाबेसच्या नोंदी डब्यात ठेवायच्याच नाहीत, बाहेर डिस्कवर ठेवायच्या. या चार ओळी डब्याला डिस्क जोडतात. या विसरला तो मेला. आणि जोडलेल्या असल्या तरी लोकांसमोर डेटाबेसच्या डब्याला हात लावणारा मूर्ख." हे त्यांनी मला इतक्या कळकळीनं सांगितलं की मी चक्क ऐकून घेतलं.

दुपारी ताई उंच स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि तिनं अख्खा सीझन सांगायला सुरुवात केली. कुठली शाळा, कुठली तारीख, किती शिपाई, किती भुतं. भावजी टाइप करत होते. मी आतून ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. सांगून झाल्यावर ताई हात झटकून म्हणाली, "घाला तुमच्या डब्यात. एक चूक निघाली तर नाव बदलेन." आणि तोंड धुवायला आत गेली.

मी कात्री शोधायला काउंटरवर आले तेव्हा भावजी ती यादी डेटाबेसमध्ये भरत होते. ओळी सरसर वर जात होत्या. मध्येच एक लाल ओळ आली. मग आणखी एक. मग दोन लागोपाठ. डेटाबेसला त्यांनी नियम घालून दिला होता, एक कपडा एका तारखेला एकालाच. जिथे ताईनं तोच कपडा त्याच दिवशी दोघांना दिला होता, ती ओळ डेटाबेस परत फेकत होता. त्यात वाघही होता. आमचा वाघ एकुलता एक, शेपटीत मी स्वतः तार घातलेली, आणि तो एकाच दिवशी दोन शाळांत जाणार होता.

"झालं का?" ताईनं आतून विचारलं.

"गेलं सगळं आत," भावजी म्हणाले. त्यांचे कान अंधारात वाचता येईल इतके पेटले होते. मी कात्री घेऊन मुकाट्यानं आत आले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मशीनशी येऊन उभे राहिले. हातातला चहा गार झाला होता.

"सांगून टाका तिला," मी म्हणाले.

"तू सांग."

मी शिलाईकडे बघितलं. तिला सांगायची छाती माझीही नव्हती. "मग शाळांना गुपचूप फोन करा. कुणाला कधी काय हवंय ते विचारा."

"मी फोन केला की शाळा संध्याकाळी तिला सांगणार, तुमचे मिस्टर खात्री करत होते. मग ती विचारणार, खात्री कशाला? आणि शाळाही म्हणणार, ताईंना आता आठवत नाही वाटतं." ते थांबले. "दुकान तिच्या 'हो'वर चालतं, धाकटे. तो गेला तर ती इथे नुसती बसून राहील. झाडांकडे बघत बसली होती तशी. मला ते परत बघवणार नाही."

एवढं लांब वाक्य भावजी मशीन सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मलाही गलबलून आलं आणि म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, "मग दोन शाळांना अर्धा अर्धा वाघ द्या." ते कप घेऊन निघून गेले.

इकडे ताईला भलताच हुरूप आलेला. खोकी नकोत म्हणणारी बाई आता येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवत होती. तिनं नाटकाच्या बाईंना बोलावलं. या बाई एका शाळेत नाटक बसवतात, ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि दोन वाघांतला एक त्यांचा. "यांचं मशीन बघायला या," ताईनं त्यांना फोनवर सांगितलं, "मारलं तरी उठतं म्हणे."

बाई येणार त्या सकाळी मी दुकानात आले तेव्हा भावजी लवकर येऊन बसले होते. पडद्यावर तीच फाइल. त्या महत्त्वाच्या चार ओळी त्यांनी निवडल्या आणि पुसल्या. मग अप्लाय केलं, मग नोंदी पुन्हा भरल्या, लाल ओळी पुन्हा आल्याच.

"काय काढलंत?" मी विचारलं.

"पसारा," ते म्हणाले. कान लाल. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं नाही म्हणून टाळतायत.

बाई आल्या. ताईनं त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः मालकिणीसारखी मागे उभी राहिली. भावजींनी तीन तोंडांपैकी एक निवडलं, डिलीट टाइप केलं, पॉडचं नाव टाकलं आणि एंटर दाबलं. डबा गेला. आम्ही श्वास रोखून बसलो, तोवर नवा डबा उभा. बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू डबा तिनंच उठवला.

"आता डेटाबेस," भावजी म्हणाले.

माझ्या हातातली सुई थांबली. लोकांसमोर डेटाबेसला हात लावणारा मूर्ख, हे त्यांचेच शब्द. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी एंटर दाबलंही. डबा गेला, नवा आला, टवटवीत. भावजींनी नोंदींचं पान उघडलं. पान पांढरं स्वच्छ. अख्ख्या सीझनमधली एक ओळ नाही.

मग ताई बोलली, आणि ती बोलली ते पलीकडच्या फुटपाथवर ऐकू गेलं असणार. "म्हणूनच मी म्हणत होते. माझं डोकं एकच आहे म्हणे. तुमची चार आहेत ना, मग एका टिचकीत रिकामी कशी झाली? इतकी वर्षं ऑफिसात काय करता तुम्ही, धूळ झटकता?"

भावजी मान खाली घालून ऐकत होते. मला वाईट वाटलं आणि मदत करावी म्हणून मी म्हणाले, "अहो भावजी, ती यादीची फाइल असेल की. ताईनं सांगितली तेव्हा टाइप केलेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिशात दोन पेनं आणि तिसरं राखीव ठेवणारा हा माणूस म्हणाला, "पुसली. साफसफाईत."

कान इतके लाल झाले की बाईंनी त्यांना पाणी देऊ का विचारलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला शरम वाटतेय. मला तेव्हा लख्ख कळलं. आधी लाल ओळी, मग सकाळचा पसारा, आता ही पुसलेली फाइल. मी सुई तोंडात धरली, म्हणजे तोंड बंद राहील.

"बसा, लिहा," ताईनं पदर खोचला. "परत सांगते सगळं."

"नको," भावजी म्हणाले. "चूक माझी, निस्तरणारही मीच. एकेका शाळेला फोन करून माफी मागतो आणि विचारून घेतो."

"मागाच," ताई म्हणाली. "आणि माझ्यासमोर मागा."

पुढचे काही दिवस आमच्या दुकानात जे चाललं ते मी तिकीट काढूनही बघितलं असतं. भावजी फोन लावणार, शेजारी ताई. "नमस्कार, आमच्या मशीननं सगळ्या नोंदी खाल्ल्या, तुम्ही काय सांगितलं होतं ते परत सांगता का?" की लगेच ताई रिसीव्हर ओढून घेणार, "आमच्या ह्यांचा उद्योग. माझ्या डोक्यात होतं तोवर सुरक्षित होतं." पलीकडून हसू यायचं. कुठल्याच शाळेनं ताईच्या आठवणीबद्दल शंका घेतली नाही. भावजी टाइप करत राहायचे. ताई त्यांच्या मूर्खपणाचे एकेक जुने दाखले काढायची, हनिमूनला दोन स्टोव्ह नेल्याचासुद्धा. गिऱ्हाइकं आली की त्यांनाही सगळं पहिल्यापासून ऐकवायची.

खऱ्या तारखा आल्या तसे बहुतेक गोंधळ आपोआप सुटले. कुठे बाराच्या जागी एकवीस होती, कुठे एका शाळेचे शिपाई दुसरीच्या नावावर. राहिला वाघ. तो ताईनं दोघांना खरोखरच कबूल केला होता, दोन्ही शाळांनी फोनवर छातीठोक सांगितलं. ताईनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच रिसीव्हर ओढला नाही.

भावजी एक सेकंदही थांबले नाहीत. "वाघ एकच असणं हेच मुळात चूक," ते म्हणाले. "एकावर भिस्त. धाकटे, दुसरा शिव."

मी शिवला. तसलं कापड बाजारात मिळेना, म्हणून नवा वाघ जरा जास्तच पिवळा झाला आणि घाईत त्याचे पट्टे आडव्याऐवजी उभे लागले. तो बाईंच्या शाळेत गेला. बाई म्हणाल्या, नव्या वाघात मुलगा बारीक दिसला, पुढच्या वर्षीही हाच द्या. मी अर्थातच सांगितलं की पट्टे मुद्दामच तसे लावले होते. भावजींनी दरम्यान त्या चार ओळी फाइलमध्ये परत घातल्या, अप्लाय केलं, नवी यादी भरली. एकही ओळ लाल झाली नाही. खोकी रस्त्यावर गेली नाहीत, कारण ताईला त्यांना शिव्या द्यायची सवय लागली होती.

सीझन संपला. परत आलेले कपडे मी आणि ताई मागच्या खोलीत घडी घालत होतो. पडद्यापलीकडे काउंटरवर भावजी लॅपटॉप घेऊन बसलेले.

"एक सांगू?" ताई हळूच म्हणाली. "कुणाला बोलू नकोस. ते मशीन रिकामं झालं ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. यादी सांगताना मी कितीतरी ठिकाणी ठोकून दिलं होतं. डोळे मिटायचे आणि काही दिसायचंच नाही. मग तोंडाला येईल ते सांगितलं. रोज वाटायचं, आज उघडं पडणार. आणि यांनी सगळं पुसूनच टाकलं. बिचारे. काय वाट्टेल ते बोलले मी त्यांना. पण त्यांना सांगू नकोस हं."

मला हसायला येत होतं आणि डोळेही भरले होते, आणि या दोन्हींचा मला राग आला. हिचं गुपित माझ्याकडे, त्यांचंही माझ्याकडे. मी काय यांची राखीव डिस्क आहे?

"हे मला कशाला सांगतेस?" मी तिच्या हातातला शिपायाचा सदरा काढून घेतला. "तिकडे बसलेत त्यांना सांग."

"आता?"

"आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी ओरडून सांगते."

ती गेली. मी पडद्याला कान लावला.

"अहो," ताई म्हणाली. "मला सगळं आठवत नव्हतं."

टाइप करण्याचा आवाज थांबला. "माहीत आहे," भावजी म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यांदा यादी भरली तेव्हापासून. वाघ तू दोघांना दिला होतास."

ताई म्हणाली, "म्हणजे ते मशीन तुम्ही..."

"मुद्दाम."

"आणि एवढे दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तुम्हाला मूर्ख म्हणत होते."

"म्हणत होतीस."

"मग थांबवायचं तरी मला. तोंड नाही का तुम्हाला?"

"थांबवणार होतो," भावजी म्हणाले. "पण ढग गेले तेव्हापासून तू दुकानात हळू आवाजात बोलायला लागली होतीस. फोनवरसुद्धा. मला शिव्या द्यायला लागलीस आणि तुझा आवाज पहिल्यासारखा झाला. म्हटलं, चालू दे."

दिवसभर त्याच दुकानात बसून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पडद्यापलीकडून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, ताई त्यांच्या शेजारी बसली असावी.

"दाखवा," ती म्हणाली, "यात कुठे बघायचं असतं ते."